तोच उंदीर पुन्हा पाहता येणार नाही का?

अर्जाच्या तिसऱ्या पानावर 'प्राण्यांची संख्या' या रकान्यात ६० लिहिलं होतं. एम. फार्म.ला असलेली मुलगी फाइल छातीशी धरून उभी होती, तिचे मार्गदर्शक सर शेजारी बसले होते आणि समितीतले आम्ही पुढच्या अर्जाकडे वळायच्या बेतात होतो. मी विचारलं, "साठ का गं?"

"मॅडम, दोन फॉर्म्युलेशन आहेत. साधं औषध, आणि तेच नॅनोकणांत, म्हणजे अतिसूक्ष्म कणांत भरलेलं. पाच टाइम पॉइंट, म्हणजे मोजायच्या पाच वेळा. दर टाइम पॉइंटला सहा माइस."

"मग पहिल्या तासाला पाहिलेला उंदीर दुसऱ्या तासाला पुन्हा का नाही पाहायचा?"

ती सरांकडे बघायला लागली. सर समजुतीच्या सुरात म्हणाले, "बाई, यकृतात औषध किती गेलं ते मोजायचं तर यकृत बाहेर काढावं लागतं. एकदा सॅक्रिफाइस केल्यावर तोच प्राणी पुन्हा कुठून आणणार?"

उत्तर बरोबर होतं. अर्ज मंजूर झाला, त्यावर माझीही सही आहे. ती सही माझ्या मनातून गेलेली नाही.

मी नाशिकच्या एका शाळेत एकतीस वर्षं मराठी शिकवलं. प्राण्यांवर प्रयोग करणाऱ्या प्रत्येक संस्थेत एक नीतिशास्त्र समिती असावी लागते. तिच्यात शास्त्रज्ञ, पशुवैद्यक आणि प्राणिगृहाचे प्रमुख असतात, प्राणिप्रयोगांवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रीय समितीचा प्रतिनिधी असतो, आणि त्यांच्याबरोबर विज्ञानाबाहेरचा, सामाजिक भान असलेला एक सदस्यही असावा लागतो. एका महाविद्यालयातली ती बाहेरच्या माणसाची खुर्ची माझ्याकडे आहे. ही खुर्ची कोरम भरण्यासाठी ठेवलेली नाही असं मी मानते. ज्याला विषय कळत नाही त्याला समजावून सांगताना जाणकारालाही आपलं काम नव्याने तपासावं लागतं, आणि तेवढ्यासाठीच कायद्याने बाहेरचा माणूस तिथे बसवला आहे.

प्राणिगृहात 'मारलं' असं कुणी म्हणत नाही. 'सॅक्रिफाइस केले' म्हणतात. आयुष्यभर शब्दांशी काम केलेल्या मला तो शब्द टोचतो. बळी म्हटला की तो कुणाला तरी, कशासाठी तरी दिलेला असतो. साठ जीव ज्या प्रबंधासाठी गेले तो ग्रंथालयाच्या कपाटात पडून राहणार असेल, 'लक्षणीय फरक आढळला नाही' असा निष्कर्ष आला म्हणून कुठे छापलाच जाणार नसेल, आणि ते माहीत नसल्यामुळे दुसऱ्या महाविद्यालयात तोच प्रयोग नव्या साठ जीवांवर होणार असेल, तर त्याला बळी तरी कोणत्या तोंडाने म्हणायचं?

त्या बैठकीनंतर मी विचारत राहिले. जीव न घेता शरीराच्या आत पाहायची सोय आहे का? आहे. ती बरीच जुनी आहे, आणि आता तिचं यंत्र हातात धरता येईल एवढं लहान झालं आहे.

लोडशेडिंगच्या काळात आपण सगळ्यांनीच एक खेळ खेळला आहे. बॅटरीच्या काचेवर तळहात दाबून धरायचा. बोटं लालभडक दिसतात. बॅटरीचा उजेड पांढरा असतो, पण त्यातला निळा-हिरवा भाग रक्त आणि कातडी गिळून टाकतात आणि लाल तेवढा पलीकडे येतो. लालच्याही पुढे, डोळ्यांना न दिसणारा जो अवरक्त प्रकाश सुरू होतो, तो मांसातून आणखी सहज जातो. फार पुढे गेलं की शरीरातलं पाणी त्याला अडवायला लागतं. त्यामुळे साधारण ७०० ते ९०० नॅनोमीटर तरंगलांबीच्या दरम्यान शरीरात डोकावायला एक खिडकीच उघडी मिळते. या खिडकीत चमकणारं एखादं रंगद्रव्य शिरेतून सोडायचं, वरून एका अवरक्त तरंगलांबीचा प्रकाश टाकायचा, द्रव्य त्याहून थोड्या जास्त लांबीचा प्रकाश परत देतं, आणि गाळणी लावलेला कॅमेरा तेवढाच टिपतो. याला प्रतिदीप्ती म्हणतात.

या कामातलं सर्वांत ओळखीचं द्रव्य म्हणजे इंडोसायनिन ग्रीन. अमेरिकेत त्याला माणसांसाठी मान्यता मिळाली १९५९ साली. ते साधारण ८०० नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश शोषतं आणि ८३० च्या आसपास परत देतं. रक्तातल्या प्रथिनांना चिकटतं, यकृत ते काही मिनिटांत उचलतं आणि पित्तावाटे आतड्यात टाकतं. डोळ्यांच्या पडद्यामागच्या रक्तवाहिन्या पाहायला नेत्रतज्ज्ञ ते कित्येक वर्षं वापरत आले आहेत. आता पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेत पित्तनलिका कुठून जाते ते दिसावं म्हणून सर्जनही वापरतात. त्याच १९५९ साली विल्यम रसेल आणि रेक्स बर्च या दोन इंग्रज शास्त्रज्ञांनी प्राणिप्रयोगांसाठी तीन कसोट्या मांडल्या. प्राण्याऐवजी दुसरं काही चालेल का, प्राण्यांची संख्या कमी करता येईल का, त्यांचा त्रास कमी करता येईल का. द्रव्याची मान्यता आणि हा विचार एकाच वर्षीचे. आपल्या जिल्ह्याच्या प्राणिगृहांत ते दोन्ही अजून एकत्र आलेले नाहीत, आणि आणखी थांबायला आता कोणतंही सबळ कारण उरलेलं नाही, हे मला सांगायचं आहे.

मी ते प्रत्यक्ष पाहिलं. एका मंजूर प्रयोगासाठी असा कॅमेरा दोन दिवसांपुरता मागून आणला होता आणि मला बोलावलं होतं. केस वाळवायच्या यंत्राएवढा, हातात धरायचा. जपानची हमामात्सु कंपनी, फ्रान्समधली फ्लुओप्टिक्स यांनी असे हातातले कॅमेरे शस्त्रक्रियेसाठी बाजारात आणले, त्याच घराण्यातला. ऊबदार गादीवर पांढरा उंदीर भुलीत पडला होता, कारण एवढासा जीव भुलीत फार लवकर गार पडतो. पोटावरचे केस क्रीमने काढले होते. शिरा फुगाव्यात म्हणून शेपटी कोमट पाण्यात धरली आणि मग हिरवं द्रव्य शिरेत गेलं. पडद्यावर आधी काही नव्हतं. मग छातीच्या खाली एक धूसर पांढरा डाग उमटला आणि बघता बघता यकृताचा आकार घेऊन बसला. अर्ध्या तासाने उजेड खाली आतड्याकडे सरकलेला दिसला. तोवर भूल बंद केली होती. उंदीर उठला, लडखडला, पिंजऱ्याच्या कोपऱ्यात गेला आणि पुढच्या दोन पायांनी तोंड पुसायला लागला. यकृत पाहून झालं होतं आणि यकृताचा मालक समोर तोंड धूत होता! मला तिथे बोलायला सुचलं नाही.

याच दोन दिवसांत यंत्राच्या अडचणीही दिसल्या. त्या झाकून यंत्राची भलामण करणं मला जमणार नाही.

द्रव्य द्यायच्या आधीच पोटापाशी फिकट उजेड दिसत होता. आम्ही घाबरलो. पशुवैद्यक सरांनी खाद्याची गोणी तपासली. त्यात लसूणघास होती. आपल्याकडे गाईम्हशींना घालतात तीच. तिच्यातलं हरितद्रव्य स्वतःच चमकतं. म्हणजे प्रयोगाआधी काही दिवस वेगळं खाद्य द्यावं लागतं, आणि हे माहीत नसेल तर विद्यार्थी उंदराने खाल्लेला चाराच औषध समजून मोजत बसेल. दुसरी अडचण खिडकीची. दुपारचं ऊन आत आलं तसा पडदा पांढराफटक झाला, कारण उन्हातही अवरक्त भरपूर असतं. पडदे ओढले, एलईडीच्या नळ्या ठेवल्या, तेव्हा चित्र परत आलं. तिसरी अडचण सगळ्यांत मोठी. हात दोन बोटं वर-खाली झाला किंवा थोडा तिरका झाला, की चमक बदलते. डोळ्यांनी पाहायला काही बिघडत नाही. पण प्रबंधात आकडे लिहायचे असतील तर कॅमेरा ठरलेल्या उंचीवर टेकवावा लागतो आणि दर चित्रात कायम सारखाच चमकणारा एक तुकडा बाजूला ठेवावा लागतो, त्याच्याशी तुलना करायला. द्रव्य दुप्पट दिलं म्हणून चमक दुप्पट होत नाही. दाट झालं की उलट कमी होते. आणि एखाद्या सेंटिमीटरपलीकडच्या खोलीतलं नीट कळत नाही. उंदरात तेवढं चालतं, सशात नाही.

सगळ्यांत कळीची गोष्ट त्या मुलीच्या मार्गदर्शक सरांनीच मला नंतर सांगितली. कॅमेऱ्याला दिसतं ते द्रव्य. औषध दिसत नाही. नॅनोकणातून द्रव्य गळून वेगळं झालं, तर आपण पाहत राहू द्रव्याकडे आणि औषध भलतीकडेच गेलेलं असेल. म्हणून शेवटी अवयव काढून औषध मोजावंच लागेल. मान्य. पण हिशेब करा. दोन फॉर्म्युलेशन, प्रत्येकी सहा, असे १२ उंदीर पाचही वेळा कॅमेऱ्याने पाहिले आणि चोवीस तासांनी त्याच बारांचे अवयव काढून पडताळलं. मधल्या चार वेळांसाठी जे ४८ जीव जाणार होते ते वाचतात. शिवाय प्रत्येक उंदराची तुलना त्याच्या स्वतःशीच होते. एक तासाचा एक उंदीर आणि आठ तासांचा दुसरा, यांत मुळातच जो फरक असतो तो मध्ये येत नाही. मधल्या एखाद्या वेळेला पडताळणी हवीच असेल तर आणखी सहा-बारा घ्या. तरीही आकडा साठच्या निम्म्याच्या आत राहतो.

माझ्याच समितीतल्या एका ज्येष्ठ सदस्यांनी आक्षेप घेतला की एका उंदराला पाच वेळा भूल देणं हाही छळच आहे, त्यापेक्षा एकदाच शांतपणे संपवणं बरं. हा आक्षेप मी हलक्यात घेत नाही. संख्या कमी करणं आणि त्रास कमी करणं या दोन कसोट्या इथे खरोखरच एकमेकींना भिडतात. पण यात यंत्राच्या आकाराने फरक पडतो. मोठ्या कपाटासारख्या यंत्रात प्राणी नेऊन ठेवावा लागतो. हातातला कॅमेरा प्राण्याच्या पिंजऱ्यापाशी येतो, चित्र काही सेकंदांत मिळतं, भूल काही मिनिटांची पुरते. त्या मिनिटांनाही मर्यादा हवी, आणि ती पशुवैद्यकांनीच आखून द्यावी.

कपाटाच्या यंत्रावरून आठवलं. मे-जूनमध्ये आपण नाशिककर घोटीवरून भंडारदऱ्याला काजवे बघायला जातो. काजव्याच्या प्रकाशामागचं जे जनुक आहे, तेच उंदराच्या शरीरातल्या कर्कपेशींत घालून गाठ वाढते की आटते हे बाहेरून पाहायची पद्धत आहे. फार सुंदर पद्धत. पण तो उजेड इतका अंधुक असतो की पूर्ण काळोखाची पेटी आणि थंड ठेवलेला कॅमेरा लागतो. तशी यंत्रं मुंबई-पुण्याच्या मोठ्या संस्थांत असतात. नाशिकच्या विद्यार्थ्याला ती वापरायची तर उंदीर गाडीत घालून कसारा घाट उतरायचा, किंवा सिन्नर-संगमनेरवरून पुणं गाठायचं. गाडीचा हादरा, उकाडा, अनोळखी वास, नवीन पिंजरा. पोचल्यावर निदान काही दिवस त्यांना स्थिरावू द्यायचं, नाहीतर मोजलेला प्रत्येक आकडा भीतीचा आकडा असतो. परत आणायचे तर संसर्गाची काळजी, म्हणून बहुधा परत आणतच नाहीत. हे सगळं कोण करणार? कुणी करत नाही. मग सोपा मार्ग उरतो, तो अर्जावरच्या साठचा.

म्हणून माझा आग्रह हातातल्या कॅमेऱ्याचा आहे, आणि तो जिल्ह्यात सामायिक असावा असा आहे. प्रत्येक महाविद्यालयाने आपापला घ्यावा असं मी म्हणत नाही. तसं झालं तर तो तपासणीच्या दिवशी कपाटातून निघेल आणि दुसऱ्या दिवशी कपाटात जाईल. इगतपुरी-पेठकडे आवणीच्या दिवसांत सावड चालते. आज सगळे तुझ्या खाचरात, उद्या माझ्या. कुणी कुणाला मजुरी देत नाही, आणि पाऊस निघून जायच्या आत सगळ्यांची आवणी उरकते. नाशिक आणि आसपास औषधनिर्माणशास्त्राची इतकी महाविद्यालयं आहेत, आयुर्वेदाची आहेत, आरोग्य विज्ञान विद्यापीठाचं मुख्यालय म्हसरूळला आहे. फार्मसीचा कारभार त्या विद्यापीठाकडे नाही हे मला माहीत आहे. पण एका कॅमेऱ्याची नोंदवही ठेवायला संलग्नता कशाला लागते? कॅमेरा एक, तो चालवायला शिकलेले दोन तंत्रज्ञ, आणि पाळीची वही. उंदीर जागचे हलणार नाहीत, कॅमेरा फिरेल.

आणि तो परदेशातूनच यावा असंही नाही. आत काय असतं? ७८० नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाशस्रोत, एक चांगली गाळणी, आणि अवरक्त दिसणारा संवेदक. साध्या सिलिकॉनच्या संवेदकालाही हा प्रकाश दिसतो. टीव्हीच्या रिमोटचं बटण दाबून ते फोनच्या पुढच्या कॅमेऱ्यासमोर धरा, बऱ्याच फोनवर रिमोटचं टोक लुकलुकताना दिसेल. पैसे लागतात ते गाळणीला, आणि कौशल्य लागतं ते आकडे भरवशाचे करायला. माणसांवर वापरायचं यंत्र असेल तर वैद्यकीय उपकरणांचे नियम लागतात आणि लागायलाच हवेत. उंदरांसाठीचं यंत्र आपली अभियांत्रिकीची मुलं करू शकतात. ओझरला सुखोई विमानं जुळली, अंबड-सातपूरला विजेची नाजूक उपकरणं बनतात. लेझर वापरला तर डोळ्यांच्या सुरक्षिततेची शिस्त मात्र पहिल्या दिवसापासून हवी, प्राण्यांच्या आणि मुलांच्याही.

दोन बाजूंचे लोक माझ्यावर नाराज होतील. प्राण्यांवरचे प्रयोग मुळातच बंद करा म्हणणाऱ्या माझ्या मैत्रिणी आहेत. मी निम्मी त्यांच्याच बाजूची आहे. सौंदर्यप्रसाधनांसाठीच्या प्राणिचाचण्या आपल्या देशात २०१४ साली बंद झाल्या आणि कुणाचं काही अडलं नाही. २०२३ साली नव्या औषधांच्या नियमांत दुरुस्ती होऊन मानवी पेशींवरच्या, आणि चिपवर पेशी वाढवून केलेल्या अवयवांच्या छोट्या प्रतिकृतींवरच्या चाचण्यांना जागा मिळाली. तो रस्ता रुंद व्हायलाच हवा. पण तो रुंद होईपर्यंत दरवर्षी अर्ज येत राहणार आहेत, आणि त्या अर्जांतल्या उंदरांना मी 'थांबा, चांगले दिवस येत आहेत' असं सांगू शकत नाही.

दुसरी भीती मला जास्त छळते. यंत्र हाताशी आलं की प्रयोग वाढतील. आज जो विद्यार्थी साठ उंदरांच्या खर्चाकडे बघून विषय बदलतो, तो उद्या बारांत होतंय म्हणून नको तो प्रयोगही करेल, आणि बारा-बारा करत आपण पुन्हा साठाच्या पुढे जाऊ. यावर उपाय समितीकडेच आहे. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत लावून धरलेल्या विषयातून १९६० चा प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा झाला. त्याच्या सतराव्या कलमात स्पष्ट आहे की शक्य असेल तिथे प्रयोग टाळावेत, शिक्षणात पुस्तकं, प्रतिकृती, चित्रपट यांनी भागत असेल तर प्राणी वापरू नयेत, आणि निव्वळ हात बसावा म्हणून तर शक्यतो प्रयोग करूच नयेत. हे लिहिलं तेव्हा असे कॅमेरे नव्हते. तरी वाक्य आजच्या एम. फार्म.च्या अर्जालाही जसंच्या तसं लागू पडतं. हा प्रयोग करायचाच कशाला, हा पहिला प्रश्न. त्याचं उत्तर पटलं तरच कॅमेऱ्याचा दुसरा.

आणि निकाल नकारात्मक आला तरी तो जिल्ह्यातल्या बाकी समित्यांना कळला पाहिजे. सामायिक कॅमेऱ्याच्या वहीत तो आपोआप नोंदला जाईल, कारण कोणत्या प्रयोगासाठी नेला आणि काय दिसलं हे लिहिल्याशिवाय कॅमेरा पुढच्या महाविद्यालयाकडे जाणार नाही. मला ही वही कॅमेऱ्याहून मोलाची वाटते.

नव्या तुकडीचे अर्ज दिवाळीच्या सुमाराला येतील. केंद्रीय समितीचा अर्जनमुना बदलणं आपल्या हातात नाही, पण महाविद्यालयाला आपली पुरवणी जोडता येते. आमच्या समितीच्या पुरवणीत मी एक ओळ सुचवली आहे: 'प्रत्येक टाइम पॉइंटला वेगळा प्राणी का लागतो? तोच प्राणी न मारता पुन्हा पाहण्याची पद्धत वापरता येत नसल्यास कारण लिहा.' त्या मार्गदर्शक सरांनी ती वाचली, चष्मा काढून पुसला, आणि म्हणाले, "बाई, याला विद्यार्थ्यांना अर्धं पान लागेल." मी म्हटलं, अर्धं पान द्या. तिसऱ्या पानावर, संख्येच्या रकान्याच्या बरोबर खाली, तेवढी जागा मोकळी आहे.